सॅक किती लिटरची घ्यावी, हे सर्वांत शेवटी ठरवावे

तुम्ही विचारले आहे, ते थोडक्यात असे. जानेवारीत चार मित्रांबरोबर राजगड ते तोरणा असा दोन रात्री आणि तीन दिवसांचा ट्रेक ठरला आहे आणि तो नीट पार पडला तर मे महिन्यात उत्तराखंडमध्ये आठवडाभराचा ट्रेक करायचा आहे. उसनी आणलेली 70 लिटरची सॅक भरून पाहिली तेव्हा ती साडेसतरा किलोच्या आसपास गेली आणि जुळे सोलापुरातल्या तुमच्या इमारतीचे तीन मजले चढेपर्यंत खांदे भरून आले. म्हणून आता सात-आठ हजार रुपयांची चांगल्या कंपनीची सॅक घ्यावी का, आणि घ्यायची तर 60 लिटरची की 75 लिटरची, असा तुमचा प्रश्न आहे. सोबत तुम्ही प्रत्येक वस्तूचे वजन आणि स्वतःचे वजन 58 किलो असल्याचेही कळवले आहे. हे फार चांगले केलेत, कारण वजने समोर नसतील तर या विषयावर केवळ मते मांडता येतात, सल्ला देता येत नाही.

माझ्या मते तुमची अडचण सॅकची नाही. सॅक कितीही महाग घेतली तरी तिच्या आतले साडेसतरा किलो तसेच राहतात. चांगली सॅक ते वजन खांद्यांवरून कमरेवर नेते, पण गुडघ्यांना आणि पावलांना ते पूर्णच पेलावे लागते. त्यातही 75 लिटरची सॅक घेतली तर ती भरल्याशिवाय राहवत नाही. रिकामी जागा दिसली की ‘असू द्यावे’ म्हणून आणखी एक जोड कपडे आत जातात. म्हणून आधी सामान ठरवावे, ते घरातल्या एखाद्या खोक्यात किंवा जुन्या पिशवीत भरून पाहावे आणि त्याला लागेल तेवढ्याच मापाची सॅक घ्यावी. मी सोलापुरातून मुलामुलींचे गट सह्याद्रीत आणि हिमालयात नेत आलो आहे आणि हा क्रम उलटा झाला की वजन हाताबाहेर जाते, हे वारंवार पाहिले आहे.

किती वजन योग्य, याचा एक ढोबळ ठोकताळा आहे: एकापेक्षा जास्त दिवसांच्या ट्रेकसाठी पाणी आणि खाणे धरून शरीराच्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंत. तुमच्यासाठी हा आकडा साडेअकरा किलोच्या जवळ येतो. सध्याची सॅक तुमच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के आहे. हा ठोकताळा म्हणजे नियम नव्हे. रोज व्यायाम करणाऱ्या माणसाला थोडे अधिक वजन झेपते. गुडघा किंवा पाठ पूर्वी दुखावली असेल, तर याहून कमीच घ्यावे. ऋतूवरही बरेच अवलंबून असते. पावसाळ्यात पाणी वाटेत जागोजागी मिळते म्हणून बाटल्या हलक्या राहतात, पण तंबू आणि कपडे भिजून जड होतात. मार्चनंतर सह्याद्रीत उलट स्थिती असते आणि पाण्याचेच वजन सर्वांत मोठे होऊन बसते. तुमचा बेत जानेवारीचा आहे, हे यासाठी सोयीचे आहे.

आता यादीकडे वळू. पाणी 3 किलो आणि खाणे 2 किलो बाजूला काढले तर उरते 12.4 किलो. याला आपण मूळ वजन म्हणू, कारण खाणेपिणे वाटेत संपत जाते, पण हे वजन पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत पाठीवर राहते. या 12.4 किलोंपैकी 8.6 किलो केवळ चार वस्तूंचे आहेत: तंबू 3.1, सॅक 2.2, स्लीपिंग बॅग 1.8 आणि सोलापुरी चादर 1.5. टूथब्रशचा दांडा कापून किंवा साबणाची अर्धी वडी घेऊन वजन कमी करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यातून काही ग्रॅम वाचतात. किलोने वजन उतरवायचे असेल तर या चार वस्तूंनाच हात घालावा लागेल.

सुरुवात चादरीपासून करतो, कारण तुमच्या यादीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला तिथे दिसली. स्लीपिंग बॅग असूनही थंडी वाजेल या धास्तीने तुम्ही चादर घेतली आहे, आणि यादीत कॅरीमॅट, म्हणजे अंगाखाली अंथरायची चटई, मात्र कुठेच नाही. रात्री थंडी वरून जितकी लागते, त्याहून अधिक खालून लागते. स्लीपिंग बॅगची ऊब तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे असते. आपण आत झोपलो की अंगाखालचा भराव दबून सपाट होतो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठ जवळजवळ थेट फरशीला लागते. गडावरच्या मंदिराची दगडी फरशी किंवा माचीवरची जमीन मग रात्रभर अंगातली उष्णता खेचत राहते. अशा वेळी वरून दीड किलोची चादर घेतली तरी कुडकुडणे थांबत नाही. साध्या फोमची गुंडाळता येणारी कॅरीमॅट सुमारे 300 ग्रॅमची असते, तिच्या बंद कप्प्यांतली हवा दबत नाही आणि पाणी पडले तरी ती भिजत नाही. चादर काढून तिच्या जागी ही मॅट घेतली की तुम्ही सव्वा किलोने हलके व्हाल आणि झोपही अधिक उबदार लागेल. आपल्या चादरीबद्दल मला पुरेपूर जिव्हाळा आहे, पण जाड सुती विणीचे तिचे वजन आणि भिजल्यावर तिला वाळायला लागणारा वेळ हे दोन्ही ट्रेकला मानवणारे नाहीत. टर्किश टॉवेलचेही तेच. तुमचा टॉवेल 450 ग्रॅमचा आहे. त्याऐवजी 100 ग्रॅमचा पातळ पंचा घ्या. तो सॅकवर टाकला की चालता चालता वाळतो आणि दुपारी डोक्याला बांधता येतो.

स्लीपिंग बॅग किती उबदार हवी, हे ठरवायला थोडा हिशेब करावा लागतो. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, तर राजगड आणि तोरणा दोन्ही 1,400 मीटरच्या आसपास आहेत. म्हणजे जानेवारीत आपल्याकडे ज्या रात्री 14-15 अंश असतात, त्या रात्री गडावर 8-9 अंश आणि वरून वारा, असा ढोबळ अंदाज धरता येतो. त्यासाठी 5 अंशांच्या ‘कम्फर्ट’ तापमानाची बॅग पुरते आणि तशी बॅग सव्वा किलोच्या आत मिळते. खरेदी करताना लेबल नीट वाचावे, कारण त्यावर बहुधा तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. विक्रेता सहसा सर्वांत खालचा आकडा सांगतो. एक्स्ट्रीम म्हणजे ज्या तापमानात माणूस जेमतेम तग धरू शकतो ती मर्यादा. त्या तापमानात झोप लागणे दूरच, हायपोथर्मियाचा, म्हणजे शरीराचे तापमान जीवघेणे उतरण्याचा, धोका असतो. तुमच्यासाठी कम्फर्टचाच आकडा खरा मानावा. पिसांच्या बॅगा वजनाला हलक्या असतात, परंतु ओल्या झाल्या की त्यांची ऊब जाते. दव आणि धुके असलेल्या सह्याद्रीत, शिवाय पहिल्याच खरेदीत, कृत्रिम भरावाची बॅग मला अधिक योग्य वाटते.

तंबूचा निर्णय परिस्थितीवर अवलंबून आहे. राजगडावर पद्मावती माचीवरच्या मंदिरात ट्रेकर पूर्वापार मुक्काम करत आले आहेत, पण गडांवरील मुक्कामाचे नियम बदलत असतात आणि शनिवार-रविवारी तिथे जागा मिळेलच असे नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी पायथ्याच्या गुंजवणे किंवा वेल्हे येथील स्थानिक माणसाला फोन करून विचारून घ्यावे. गडावर राहता येणार नसेल, तर मुक्काम पायथ्याच्या गावात होईल आणि मग तंबूची गरजच उरणार नाही. गरज पडलीच, तर 3.1 किलोचा तंबू एकट्याने वाहण्यात काही अर्थ नाही. दोघांचा सव्वादोन किलोचा तंबू घ्यावा आणि आतले कापड एकाने, बाहेरचे कापड व काठ्या दुसऱ्याने, अशी वाटणी करावी. प्रत्येकाकडे 1.1 किलो येतात. वाटणीचे हेच तत्त्व इतर सामानालाही लावा. पाच जणांनी पाच सुऱ्या, पाच ओडोमॉस आणि पाच टूथपेस्ट आणल्या की कोणाच्याही लक्षात न येता वजन वाढते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात पाचही जणांनी आपापले सामान घेऊन एकत्र बसावे आणि जे सामायिक आहे ते एकदाच घ्यावे.

कपड्यांबाबत थोडक्यात सांगतो. सॅकमधली जीन्स काढून टाका. ती 700 ग्रॅमची आहे, घामाने जड होते, चढावर गुडघ्याला अडते आणि भिजली तर दिवसभर वाळत नाही. एक जोड अंगावर, एक कोरडा जोड फक्त झोपण्यासाठी, एक लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस, एक विंडचिटर, कानटोपी आणि मोज्यांचे दोन जादा जोड एवढे पुरेसे आहे. झोपण्याचा जोड कितीही मोह झाला तरी दिवसा घालू नये.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी अगदी उलटे सांगेन. वजन कमी करायच्या नादात अनेक जण पहिली काट पाण्याला लावतात, कारण एक लिटर काढले की लगेच एक किलो कमी होतो. राजगडावर टाकी आहेत, तोरण्यावरही पाणी आहे, पण राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंतची जी लांबलचक सोंड आहे, तिच्यावर पाण्याचा भरवसा धरता येत नाही. तिथे काही तास उन्हातच चालावे लागते. त्या दिवशी राजगडावरून निघताना प्रत्येकाकडे 3 लिटर पाणी असलेच पाहिजे. ‘आम्ही सोलापूरचे, आम्हाला उन्हाचे काय’ हे वाक्य मी आपल्या मुलांकडून नेहमी ऐकतो. उन्हाची सवय आपल्याला आहे हे खरे, पण ती सावलीत बसून ऊन सोसण्याची आहे. पाठीवर दहा किलो घेऊन चढताना घाम किती जातो, याचा अंदाज त्या सवयीतून येत नाही. बाटल्या मात्र बदला: तुमच्या स्टीलच्या बाटलीचेच 400 ग्रॅम आहेत. एक लिटरच्या जाड प्लॅस्टिकच्या बाटल्या घेतल्या तर ते वजन जवळपास संपते. टाक्यातले पाणी गाळून त्यात क्लोरीनचे थेंब किंवा गोळी टाकावी आणि अर्धा तास थांबून मग प्यावे.

खाण्याच्या बाबतीत सोलापूरकरांना बाहेरचे काही विकत घ्यावे लागत नाही, याचा मला मनापासून आनंद वाटतो. ट्रेकचे खाणे कमी वजनात अधिक ऊर्जा देणारे आणि न बिघडणारे असावे. 100 ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात, गुळातून पावणेचारशेच्या आसपास, तर 100 ग्रॅम सफरचंदातून जेमतेम पन्नास. आपली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी या कसोटीवर चोख उतरतात. भाकरीतला ओलावा गेलेला असल्याने ती आठवडेच्या आठवडे टिकते आणि पाण्याचे फुकटचे वजन वाहावे लागत नाही. ती मोडते, म्हणून पंच्यात गुंडाळून सॅकमध्ये सर्वांत वर ठेवावी. मोडली तरी आमटीत कुस्करायची असल्याने बिघडत नाही. चटणी स्टीलच्या डब्याऐवजी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या बरणीत न्यावी. एवढेच लक्षात ठेवा की कोरडे आणि तिखट खाणे तहान वाढवते, त्यामुळे सोंडेवरच्या दिवशी दुपारी गूळ-शेंगदाणे, खजूर आणि दशमी यांवर भर द्यावा आणि भाकरी-चटणी मुक्कामाच्या ठिकाणी, जिथे पाणी आहे तिथे खावी. पायथ्याच्या गावांत सांगून ठेवल्यास घरगुती जेवण मिळते. त्यामुळे पाच जणांसाठी दीड-दीड किलो कोरडे खाणे आणि चहापुरता एकच छोटा स्टोव्ह पुरेल.

काही वस्तू जड वाटल्या तरी काढू नयेत आणि त्यातल्या दोन तुमच्या यादीत नाहीतच. पहिली म्हणजे प्रथमोपचाराची पिशवी: पट्टी, क्रेप बँडेज, फोडांवर लावायची चिकटपट्टी, ओआरएसची पाकिटे आणि स्वतःची नेहमीची औषधे. दुसरी म्हणजे शिट्टी. तुमची 300 ग्रॅमची हातातली बॅटरी घरी ठेवून तिच्या जागी हेडटॉर्च घ्या. ती 100 ग्रॅमच्या आत असते आणि अंधारात उतरताना दोन्ही हात रेलिंगला धरायला मोकळे राहतात. जादा सेल सोबत हवेतच. पॉवरबँक 20,000 एमएएचची आहे, तिच्या जागी 10,000 ची दोघांत एक पुरेल. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला की तीन दिवस निघतात.

असे सगळे बदल केल्यावर तुमचे मूळ वजन 6 किलोच्या आसपास येते: तंबूचा वाटा 1.1, सॅक 1.4, स्लीपिंग बॅग 1.1, मॅट 0.3, सॅकमधले कपडे आणि पंचा मिळून 1.1 आणि किरकोळ एक किलो. त्यात 3 लिटर पाणी आणि दीड किलो खाणे मिळवले की साडेदहा किलो. आणि हे सामान 45 ते 50 लिटरच्या सॅकमध्ये बसते. म्हणजे 60 आणि 75 यांपैकी एकही माप तुम्हाला लागत नाही.

सॅक निवडताना लिटरपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची आहे. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येते, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंत शिंप्याच्या टेपने घरच्या कोणाकडून मोजून घ्या. सॅकच्या पाठीची लांबी या मापाला जुळली, तरच कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसतो. पट्टा पोटावर आला तर सगळा भार खांद्यांवर येतो, मग सॅक कितीही महाग असो. त्यामुळे ऑनलाइन मागवण्यापेक्षा हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन, दुकानात सॅकमध्ये आठ-दहा किलो वजन भरून, ती पाठीवर घेऊन वीस मिनिटे फिरून पाहावी. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. घालताना सगळे पट्टे सैल करून आधी कमरेचा आवळावा, मग खांद्यांचे, मग खांद्यांच्या वरचे छोटे पट्टे आणि शेवटी छातीचा. कमरेचा पट्टा सोडल्यावर खांद्यांवर एकदम ओझे आले, तर तो आपले काम करत होता असे समजावे.

भरताना स्लीपिंग बॅग तळाशी, पाणी आणि खाणे पाठीला चिकटून खांद्यांच्या फळ्यांच्या पातळीवर, कपडे त्यांच्याभोवती आणि विंडचिटर, हेडटॉर्च व औषधे वर ठेवावीत. जड वस्तू पाठीपासून दूर गेली की सॅक मागे ओढते. गुंजवण्याहून चोर दरवाजाच्या वाटेने चढताना शेवटच्या खडकात रेलिंग धरून वर व्हावे लागते. तिथे मागे ओढणारी किंवा बाहेर मॅट, बाटल्या आणि बूट लोंबकळणारी सॅक धोक्याची ठरते. आणखी एक गोष्ट: रेनकव्हरवर विसंबू नका, पाणी पाठीच्या बाजूने आत शिरतेच. खताच्या किंवा धान्याच्या गोणीच्या आत जी जाड प्लॅस्टिकची पिशवी असते, ती स्वच्छ धुऊन सॅकच्या आत अस्तरासारखी घालावी आणि तोंड पिळून दुमडावे. एवढ्या कमी पैशांत याहून चांगला उपाय मला आजवर मिळालेला नाही.

बुटांवर मात्र सॅकच्या आधी खर्च करा, कारण पायातले वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते आणि तेवढ्याच वजनाच्या सॅकपेक्षा ते कितीतरी पटींनी अधिक दमवते. घोट्यापर्यंतचे जड बूट सह्याद्रीत आवश्यक नाहीत. चांगली पकड असलेले हलके बूट, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले ॲक्शनचे ट्रेकिंग शूजही, पुरेसे आहेत. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. 45 किलोमीटरच्या त्या वाटेवर माणसाला थांबवतात ते पायाचे फोड, पाठीवरचे ओझे नव्हे. नवे बूट निघण्याआधी किमान तीन-चार आठवडे रोज घालावेत.

सोलापूर सपाट आहे म्हणून सराव होत नाही, ही तक्रार मला पटत नाही. तुमच्या इमारतीचा जिना आहे. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून पाच किलोपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला एक-दीड किलो वाढवा. चढताना वजन घ्या आणि गच्चीवर पोहोचलात की पाणी कुंड्यांना घालून रिकाम्या सॅकने उतरा, म्हणजे गुडघ्यांवर उतरणीचा ताण कमी पडतो. दोन रविवारी पूर्ण भरलेली सॅक घेऊन हिप्परगा तलावापर्यंत चालून या, आणि एकदा तरी नळदुर्गला दिवसभर तीच सॅक पाठीवर ठेवून किल्ला फिरा. कोणता पट्टा काचतो आणि कोणती वस्तू एकदाही बाहेर निघाली नाही, हे घराजवळच कळते.

मे महिन्याच्या ट्रेकसाठी आत्ताच काही विकत घेऊ नका. बहुतेक आयोजक तंबू, स्लीपिंग बॅग आणि मॅट देतात, तेव्हा आधी त्यांच्याकडून लेखी यादी मागवा. साडेतीन-चार हजार मीटरवर मे महिन्यातही रात्री तापमान शून्याच्या खाली जाऊ शकते. त्यामुळे सह्याद्रीसाठी घेतलेली 5 अंशांची बॅग तिथे एकटी पुरणार नाही, आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या जड बॅगेवर पैसे घालण्यापेक्षा ती पुण्यात किंवा पायथ्याच्या गावात भाड्याने घेणे शहाणपणाचे आहे. खेचरावर सामान पाठवायची सोय असेल तर ती पहिल्या हिमालयीन ट्रेकला जरूर घ्या, कारण विरळ हवेत प्रत्येक किलो जाणवतो. मात्र तेव्हाही पाणी, विंडचिटर, स्वेटर, हेडटॉर्च आणि औषधे स्वतःच्या पाठीवरच ठेवा. हवा बिघडली तेव्हा खेचरे पुढच्या तळावर आणि माणसे दोन तास मागे, असे तिथे नेहमीच घडते.